तपकिरी

रात्रीचे साडेआठ. एम. वाय.च्या मागच्या गल्लीतून
शेव तळल्याचा वास लॅबच्या जाळीतून आत येतो.
मी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते.
शलाका मुळ्ये, एकतीस, राहणार रामबाग.
फॉर्मवर डॉक्टरांचं गिचमीड अक्षर: दुखणं अकरा वर्षं.
त्याखाली पेन्सिलीनं, बहुधा तिनंच:
चौदा.

पेशी गर्भाशयाच्या अस्तराची.
सापडली मात्र अंडाशयामागे, आतड्याला बिलगून.
घर सुटलं तरी महिना सोडला नाही तिनं.

शेजारच्या दुबेंचा श्रावण
गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो,
आमचा पंधरा दिवसांनी, अमावस्या उलटल्यावर.
पाच पिढ्या इंदुरात, आणि महिना अजून तिकडचा.
आम्हाला त्याचं कौतुक.
हिला रक्त येतं,
आणि बाहेर जायला वाट नाही.

पहिला स्टेन. इस्ट्रोजेन रिसेप्टर, बीटा.
केंद्रकं गच्च तपकिरी,
उकळत ठेवून विसरलेल्या चहासारखी.
या जनुकावरची मिथाइलची कुलपं कधीच गळालेली.
इस्ट्रोजेनसुद्धा ही आता घरीच रांधते:
अरोमाटेजची चूल, सुजेचं सरपण,
चूल पेटली की सूज, सूज आली की चूल.

दुसरी काच. प्रोजेस्टेरॉन.
फिकं निळं, निळंच.
एका कोपऱ्यात दोन-तीन केंद्रकं तपकिरी, तीही उसनी वाटावीत अशी.
ते येतं बिचारं रक्तातून, दर महिन्याला,
‘पुरे आता’ एवढंच म्हणायला.
दारच नाही.
भिंतीशी बोलून परत जातं.

लग्न झालं की जाईल, म्हणाले असतील.
मग, मूल झालं की.
मग कुणी काही म्हणालंच नसेल.

गेल्या पावसाळ्यात आमची हेमांगी
टेबलाची कड धरून उभी होती, ओठ पांढरे.
अर्धा दिवस सुट्टी मागत होती.
मी नजर आयपीसवरून न काढता म्हटलं,
गोळी घे, आणि एवढी बॅच संपव.
तिनं संपवली.
दिवाळीनंतर नोकरी सोडली. कारण विचारलं नाही मी.

रिपोर्टमध्ये रिसेप्टरला गुण देता येतात,
शून्य ते तीनशे.
दुखण्याला रकाना नाही.
‘पूर्वेतिहास’समोरचे अकरा खोडून
मी चौदा टाइप करते.

मग फोनमध्ये हेमांगीचा नंबर शोधते.
रिंग जाते.
जात राहते.