रकाना

सरकारी व्हॅन गुरुवारी येते कोहत्ला-यार्वेत,
राखेच्या डोंगराखाली, बंद खाणीच्या फाटकाशी.
झिनाइदा रांगेत उभी,
पोरासोरांच्या मागे, पिशवीत बटाटे.

नाकात मारायचा फवारा संपला म्हणते.
व्हॅनमधली मुलगी अर्ज पुढे सरकवते:
कधी वापरला? कुणावर?

मंगळवारी. जिन्यात. तिसऱ्या मजल्यावरचा आर्काशा.
ओठ निळे पडलेले.
मग शिव्या घातल्या मला, मोजून दहा मिनिटं.

म्हणजे, वाचला?

शिव्या घातल्या म्हटलं ना.

'रुग्णाशी नातं'
या रकान्याशी तिचं पेन अडतं.
ग्लेबच्या वेळी व्हॅन नव्हती,
अर्ज नव्हता, फवारा नव्हता.
जिना मात्र हाच.

'शेजारीण' लिहिते,
अक्षर थोडं रकान्याबाहेर जातं.
नवा फवारा बटाट्यांत खुपसून
निघते.