हातचा

कुटाइसीतली चौदा नंबरची खोली मी सोडली नाही.
नाझिब्रोला चष्म्यावरून बघत म्हणाली,
"एका रात्रीपुरतं तर जाताय, बॅग ठेवा माझ्या टेबलाखाली.
चाळीस लारी काय झाडाला लागतात, बोंदो?"
लागत नाहीत.
शाळाशाळांतले पियानो जुळवत हिंडणाऱ्याला तर
झाडही लागत नाही वाटेत.

तरी दिले. किल्ली खिशात घालून
अंब्रोलाउरीची मार्शुत्का पकडली.

तिथल्या संगीतशाळेत एक तार तुटली होती.
नवी तार पहिल्या रात्री टिकत नाही,
कितीही पिळा, पहाटेपर्यंत उतरते.
म्हणून मुक्काम. सकाळी पुन्हा एकदा तिचा कान धरायचा,
मग परत.
गेस्टहाउसवालीनं राजमा भरलेली भाकरी वाढली,
खोलीचे तीस लारी आगाऊ घेतले
आणि विचारलं, सामान एवढंच?

एवढंच. बाकीचं घरी आहे, म्हणालो.
घरी.
रुस्तावीचा फ्लॅट विकून तीन वर्षं झाली,
आणि जिभेला अजून कोणी कळवलेलं नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझी अंथरुणं दोन, पाय दोनच,
तेही गार.
पडल्या पडल्या मी चौदा नंबर मोजत राहिलो:
रेडिएटरवर मोजे,
बेसिनपाशी दाढीचा ब्रश, केस वर करून,
ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळलेला जुना नादकाटा,
खुर्चीवर कोट, खांदे पाडून बसलेला.
लहानपणी बेरजेत खाली आठ लिहायचो
आणि हातचा एक बोटावर धरून ठेवायचो.
तसं काहीसं.
आपण नसतानाही
आपल्या नावावर कुठेतरी थोडा अंधार कुलपात असावा.

परतलो तर दुपार टळली होती.
पलंग नीट लावलेला,
फारच नीट. नाझिब्रोला कोपरे असे दुमडत नाही.
मोजे घडी करून ठेवलेले.
त्यांच्या जागी, रेडिएटरवर,
माझ्या अंगठ्याएवढा एक लाल मोजा.

खाली आलो. तिनं आधीच
चाळीस लारी टेबलावर काढून ठेवले होते.
"लेंतेखीचा रस्ता बर्फानं बंद.
बाई आणि पाच वर्षांची पोर, दवाखान्यातून आलेल्या.
रात्रीचे अकरा. बाकी सगळ्या खोल्या भरलेल्या.
चादरी बदलल्यात मी.
ओरडायचं तर ओरडा."

मला ओरडायचंच होतं, खोटं कशाला बोलू.
जिन्यावरून उतरताना दोन वाक्यं तयार केली होती,
त्यातलं एक तर चांगलं होतं.

पोरीला काय झालंय, विचारलं.
"कान दुखतो."

वर येऊन ड्रॉवर उघडला.
नादकाटा फडक्याबाहेर, उलटा.
टेबलाच्या कडेला बारीक खोक पडलेली, नवी.
आईचा डोळा लागल्यावर तिनं तो आपटला असेल,
दुखऱ्या कानाला लावला असेल, की चांगल्या?
इथे मला म्हणता आलं असतं
की डोंगरापलीकडे त्याच वेळी मला जाग आली.
आली नाही. मी घोरत होतो.
सकाळी तार मात्र उतरलेली होती, ठरल्याप्रमाणे.

पैसे खाली टेबलावरच राहिले.
दोन दिवस ती मला ढकलायची, मी तिला.
शेवटी त्यांच्यावर तिनं चहाची किटली ठेवली.

लाल मोजा अजून रेडिएटरवर आहे.
कधीचाच वाळलाय.
रस्ता उघडला की त्या पुन्हा तपासायला येतील, असं म्हणतात.
तोवर शनिवारी मला ओनीला जायचंय, एका रात्रीसाठी,
आणि किल्ली
या खेपेला मी खालीच ठेवून चाललोय,
खिळ्याला, चौदाच्या खाली,
कोणाचाही हात पुरेल अशी.