अंगठा जुळत नाही

तुर्भे स्टोअरच्या मनपा शाळेत, पहिल्या मजल्यावर,
रात्री आठला मी खोली उघडतो.
बाकं तिसरीच्या पोरांची.
लिंबाजी शेलारांचे गुडघे त्यांत मावत नाहीत,
ते आडवे बसतात, वही मांडीवर.
पन्नास किलोची गोणी पाठीवर घेणारा माणूस
पेन्सिल जपून धरतो,
मोडेल म्हणून.

बायका मार्केटातून थेट येतात.
वह्यांना लसणाचा वास.
हुसेनबी 'स' गिरवते, फुंकर मारते,
फोलपट उडतं, अक्षर राहतं.

सोजर साळवे तीन आठवडे एकट्या 'ज'शी भांडत होती.
'माझ्याच नावात कशाला घातला हा वाकडा?'
मग एका रात्री सही आली.
तिनं ती हातावर केली, बाकावर केली,
गॅसच्या पुस्तकावर,
घरी पाण्याच्या ड्रमवर खडूनं,
पाणी सांडलं की पुन्हा.

शेलारांना फोर्कलिफ्टचं लायसन काढायचंय.
ओझं पाठीवरून चाकावर न्यायचं, एवढीच मागणी.
परवा त्यांनी 'उजवीकडे' लिहिलं
आणि डावीकडे बघून हसले.

मग मशीन आलं.
काळं, तळहाताएवढं, ठाण्याहून, पत्रासोबत:
यापुढील अनुदान प्रत्यक्ष उपस्थितीनुसार.
उपस्थिती अंगठ्यानुसार.
सही ग्राह्य धरली जाणार नाही.

अंगठा सुटावा म्हणून वर्ग होता ना?

सोजरनं अंगठा ठेवला. लाल दिवा.
पदराला पुसून ठेवला. लाल.
वीस वर्षं लसूण सोललेल्या बोटावर
रेषा कुठून आणायच्या?
हुसेनबी, लाल.
शेलारांचा एकदा हिरवा लागला,
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
दुसऱ्या दिवशी तोही गेला.
पट तेवीस, हजर शून्य.
तेवीस माणसं माझ्यासमोर बसून
बाराखडी म्हणत गैरहजर.

ठाण्याच्या कार्यालयात पराडकर बाई.
बाई वाईट नाहीत, चहा सांगितला.
'निधी आहे हो सर, लेखाशीर्षात पडून आहे.
पण खर्च दाखवायचा कशावर?
एकतीसला परत जाईल.'
माझं मानधन पाच महिने प्रक्रियेत आहे.
चहा पिता पिता मनात आलं,
पैशाला परत जायला घर असतं.

वर्गात सांगितलं तेव्हा कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा कुरकुरला.
सोजरनं वहीच्या मधलं पान
पिना उचकटून अलगद काढलं.
'तुम्ही सांगू नका सर. मीच लिहिते.'
पाऊण तास लागला.

*साहेब मी सोजर साळवे.
आमी रोज येतो. आंगठा झीजला.
सही हाये. सही बघा.
अनूदान बंद करू नये.*

खाली तेवीस सह्या,
काही ओळीतून घसरलेल्या,
एक चुकून उलट्या बाजूला.

अनुदानातला उकार तिनं दीर्घ काढला होता.
मी लाल पेन उघडलं
आणि टोपण लावून परत खिशात ठेवलं.
दीर्घच असेल. यायला वेळ लागतोच.

तीस मार्चला ती स्वतः आली, खाडा करून.
पराडकर बाईंनी अर्ज वाचला,
मग पुन्हा वाचला, ओठ हलवत.
शिक्का शाईत बुडवून उचलला
तशी सोजर पुढे वाकली:
'जरा बाजूला मारा बाई.
तो ज लई मुश्किलीनं आलाय.'

बाईंचा हात हवेत थांबला.
कागद फिरवून त्यांनी शिक्का
समासात, अगदी कडेला मारला.
आवक क्रमांक सोजरनं तिथंच वाचला,
आकडा आकडा सुटा करून,
शिपाईसुद्धा ऐकत होता.

आज एक एप्रिल.
कुणाचा फोन नाही, पत्र नाही.
किल्ली अजून माझ्याकडेच आहे.
सात चाळीस झाले.
खाली गेटजवळ
लसणाचा वास आलाय.