गंजाचा भाऊबंद

क्लुज शहर, तळघरातली प्रयोगशाळा.
इलिंका बाटली हलवते: काळं पाणी, शाईहून जड.
बाहेरून चुंबक टेकवला की
ते एका कुशीला गोळा होतं.
गंजाचाच भाऊबंद, ती म्हणते,
पण इतका बारीक
की रक्ताला ओझं होत नाही.
पाठीवर कांद्याच्या सालीतलं पिवळं औषध.

हुनेदोआराच्या भट्टीवर बापाची एकतीस वर्षं.
मग हातांना कंप;
चमचा तोंडाशी पोचेस्तोवर सूप निवलेलं.

सतरा नंबरचा उंदीर आज फिरत्या दांडीवर
चाळीस सेकंद टिकला. काल अकरा.
तिने आकडा लिहिला, खोडला,
घड्याळाचीच शंका आली.

चुंबक चुकून कोटाच्या खिशात घरी आला,
किल्ल्यांचा जुडगा त्याला घट्ट.
सोडवत उभी होती,
तोवर दार बापानेच उघडलं, आतून,
कडी तीनदा चुकवून.