मुका जी

सोमवारी दुपारी, मोंटानातल्या एका छोट्या साप्ताहिकात,
लोर्ना हाउगन, वय एकाहत्तर,
धान्य सहकारी संस्थेचं निवेदन तपासते आहे.
'नव्या व्यवस्थापकांना संचालक मंडळाने
फ्री रेन दिला आहे.'

माझ्या लिपीत इथं काहीच चुकलेलं नाही.
तिच्या लिपीत मात्र रेनच्या पोटात
एक जी बसलाय, न बोलता.
तेवढ्यानं लगामाचं राज्य झालंय.
मुका आहे म्हणून काय झालं,
दरबारात तसंही 'जी' एवढंच म्हणायचं असतं.

लोर्ना पेन्सिलीनं तो उडवते.
मंडळाला राजा नेमायचा नव्हता,
गव्हात ओल शिरू न देणारा
माणूस हवा होता, इतकंच.

मग उगाच तिचा हात थांबतो.
नऊ वर्षांची ती, टॅन्सी नावाच्या घोडीवर,
आणि खिंडीतली वाट बर्फानं गिळलेली.
तिनं लगाम इतका आवळला
की घोडीच्या तोंडाला फेस, पाऊल पुढे पडेना.
मागून वडील ओरडले नाहीत. म्हणाले,
'सैल सोड. खाली दगड कुठे आहे
ते तुझ्यापेक्षा तिच्या खुरांना कळतं.'
आणि जरा वेळानं:
'सोड म्हटलं, टाक नाही म्हटलं.
टोक मुठीत राहू दे.'

तेवढंच होतं त्यांचं व्याकरण.

गुरुवारी अंक छापून आला.
जी परत जागेवर.
टेस, नवी संपादक, तेवीस वर्षांची, म्हणाली,
'सगळे असंच लिहितात हल्ली, मी नीट करून टाकलं.
तुम्हीच म्हणाला होतात ना,
पान आता तुझं, तुला हवं तसं कर?'

म्हणाली होती खरी.
पण कोणता रेन दिला होता,
हे बोलताना कोण लिहून दाखवतं?

लोर्नाच्या तळव्यात जुना चामड्याचा पट्टा
करकचून आवळला गेला.
खिडकीबाहेर, धान्याच्या उंच कोठारावर,
नवा व्यवस्थापक शिडी चढून
स्वतःच्या नावाची पाटी ठोकत होता.

ती बघत राहिली. हसू आलं.
एकेक बोट करत मूठ सैल केली.
'पुढच्या अंकाचं पान दे,' म्हणाली,
'नुसतं वाचते.'

पेन्सिल कानामागे होतीच.