मंगळवारची बाटली

दर मंगळवारी मेरेरिद दोन ओढ्यांवर जाते.
आधी डावीकडच्या, कुरणातून येणाऱ्या.
तिथं मेंढ्या, लेंड्या, चुना फेकलेलं गवत,
पाणी जरा गढूळ, नायट्रेट थोडं चढं,
पण दगड उलटला की खाली धावपळ :
पाय, मिशा,
वाळूचं घर पाठीवर घेतलेल्या अळ्या.

मग उजवीकडचा. नांत हेलिगेन.
वेल्सच्या या टेकडीवरल्या स्प्रूसच्या काळोखातून
तो बाहेर पडतो तो इतका नितळ
की सहलीला आलेले ओंजळ भरून म्हणतात,
काय पाणी आहे!
ती दगड उलटते.
खाली दगडच.

मीटर म्हणतो, चार पूर्णांक सात.
आमच्याकडे याला सामू म्हणतात,
मी एकदा सांगून बसलो.
तेव्हापासून विचारते, आज सामूचं कसं काय?
जणू कुणाचं तापानं निजलेलं पोर.

झाडांच्या सुया ढगातली आंबट धूळ विंचरून घेतात,
पावसागणिक खाली सोडतात.
मातीनं मुठीत धरलेलं ॲल्युमिनियम सुटतं,
ट्राउटच्या कल्ल्यांवर साय धरते,
भर पाण्यात मासा गुदमरतो.
हे ती डबा खाता खाता सांगते,
मधेच पावाचा कडा तोडत.

वडील एअर्विन, अठ्ठ्याऐंशीचे, खिडकीशी असतात.
ही टेकडी त्यांनी लावली.
शंभर रोपांमागे ठरलेले शिलिंग :
कुदळीनं चीर पाडायची, मूळ कोंबायचं,
टाचेनं दाबायचं.
टाच अजून दुखते.
त्याच पैशात हिची शाळा,
हिचं रसायनशास्त्र.

ती बाटली त्यांना दाखवत नाही.
तेच मागतात, उजेडात धरतात.
"स्वच्छ आहे की."
"हो, बाबा."

मागच्या साली वरचा पट्टा तोडला.
वाटलं, सुटलो. तर नायट्रेटच उसळलं;
मुळं गेली, माती काही धरून ठेवीना.
थांबावं लागेल, ती म्हणते,
जमीन उधारी फेडते, पण सुट्या नाण्यांनी.

पांढऱ्या छातीचा एक पक्षी इथं
पाण्याखाली चालायचा, दगडांमधून, बिनदिक्कत.
अंड्यांना कवच पुरेना,
मग दिसेनासा झाला.
तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात,
तीस वर्षं दर मंगळवारी तेच :
पक्षी नाही.

आज पेन थोडं थांबलं.
पक्षी, तिनं लिहिलं, मग
'अजून',
मग 'नाही'.
झाकण घट्ट केलं, बाटली पिशवीत टाकली,
आणि मला म्हणाली, चल, पाऊस येतोय.