नऊ मिनिटांवर

उद्यमनगरातले लेथ आज दुपारीच बंद.
आदगोंडाच्या टपरीत भिंतीला टीव्ही,
खाली तेलकट खाकीतली चाळीसेक माणसं
आणि दाराच्या चौकटीला टेकून मी,
ॲप्रनच्या खिशात मायक्रोमीटर तसाच राहिलेला.

पडद्यावर पांढरं, उंच यान.
त्याच्या टोकाशी तीन माणसं
उताणी, गुडघे वर केलेली,
दवाखान्यात पोट दाबून बघायला झोपवतात तशी.
त्यांच्या दाराच्या बिजागरीत कुठंतरी
आमच्या शेडमधली एक कडी आहे,
करंगळीत बसेल एवढी.
एकशेबारा झाल्या होत्या. मी एकवीस पास केल्या.
उरलेल्या भंगारात पडत होत्या तेव्हा
मालक वजनकाट्याकडे बघत होते,
माझ्याकडे नाही.

आकडा उलटा चालला होता.
पोरं मोठ्यानं मोजत होती,
तालमीत जोर मोजावेत तशी.
नवावर आकडा थांबला.

निवेदिका म्हणाली, विजेची शक्यता आहे.
अठरा किलोमीटरवर एक ढग.
"कुठं हाय ढग?" आदगोंडानं पडद्यावर फडकं मारलं.
तिथं तर ऊन होतं.
झेंडासुद्धा पडून होता खांबाला.

"आमच्या गंगावेशीत इजा कडाडल्या
तरी म्हशीची धार चुकत न्हाई,
आन् हे एवढं शिकल्यालं
ढगाला भ्यालं व्हय?"
हशा पिकला. भजी आली.

पॉलिटेक्निकचा प्रज्योत सांगायला लागला:
ढगात वीज नसली तरी यान ती ओढून घेतं,
त्याच्या धुराचा शेपूट म्हणजे
जमिनीपर्यंत सोडलेली तारच की.
कुणी ऐकलं नाही. भजी गरम होती.

मी त्या माणसाला शोधत होते
ज्यानं थांबा म्हटलं.
त्याला काही दाखवत नव्हते.
असेल एखाद्या थंड खोलीत,
समोर नखाएवढा लाल ठिपका,
फोनवर साहेब, साहेबाच्या वर साहेब,
आणि सगळा देश घड्याळ बघत बसलेला.
जेवला असेल का तो?
वीज पडली नाही, तर उद्या त्याला
सगळे हेच विचारणार,
कुठं पडली?

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात
ग्राइंडरच्या चाकावर एक रेघ दिसली होती मला.
केस असेल म्हणून फुंकर मारली.
हलली नाही.
रविवारची संध्याकाळ, टेम्पो फाटकात घुरघुरत,
ड्रायव्हर शिट्टी वाजवतोय,
सोमवारी उद्यमनगरला सुट्टी.
म्हटलं, मंगळवारी सांगू.

चाक मंगळवारपर्यंत थांबलं नाही.

इलाहीचाचा शिकलगार माझ्या पुढ्यातच बसले होते
तीन बोटांत ग्लास धरून.
अकरा वर्षं ते असाच धरतात.
सांडत नाहीत थेंबभरही.
मी रेघ बघितली होती का, हे त्यांनी विचारलं नाही.
आणि मी, रोज मायक्रॉन मोजणारी बाई,
रोज त्यांच्या बाजूनं जाताना
ॲप्रनची गाठ नीट करते.

पाच वाजता निवेदिका म्हणाली, आज नाही.
"काढा टीव्ही," कुणीतरी ओरडलं.
कुणी पैज हरलं, कुणी लेथकडे निघालं,
आदगोंडा उधारीची वही घेऊन मागं धावला.
वीज पडलीच नव्हती.
समुद्र तसाच निळा.

टपरीत आम्ही दोघंच राहिलो.
पडद्यावर पट्टे सोडवणं चाललं होतं,
एकेक बक्कल, सावकाश.
दारातून पहिला हात बाहेर आला,
पाची बोटं हातमोज्यात.

"चाचा," मी म्हणाले, "त्या रविवारी..."

त्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही.
तीन बोटं तेवढी वर केली.
"जरा थांब, पोरी.
तिघंबी खाली उतरू देत आधी."

एक उतरला.
दुसरा पायरीवर कंबर चोळत उभा राहिला.
मी स्टूल ओढून बसले.
जोतिबाच्या बाजूला कुठंतरी गुरगुरलं,
चाचांचा चहा निवत होता.